इंग्रजी 'नोइंगली'ला (knowingly) मराठीत काय म्हणायचं? जाणूनबुजून, मुद्दाम, की माहीत असूनही?

टाकदऊत
इंग्रजी अर्ज, करार, परवाने यांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं. सही करणारा सांगतो की मी कोणतीही खोटी माहिती 'नोइंगली' दिलेली नाही. मराठी मसुद्यांत या एका शब्दासाठी जाणूनबुजून, जाणीवपूर्वक, हेतुपुरस्सर, बुद्ध्या, मुद्दाम असे निदान पाच पर्याय दिसतात. पाचही एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरले जातात, आणि मला ते तसे वाटत नाहीत. 'मुद्दाम खोटी माहिती दिली नाही' आणि 'खोटी आहे हे माहीत असताना दिली नाही' ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. पहिलं हेतूबद्दल आहे, दुसरं ठाऊक असण्याबद्दल.

तेव्हा प्रश्न दोन. नोइंगलीचा नेमका आवाका किती? आणि सहीच्या वर छापायला मराठीत असं काय लिहावं, की सातवी शिकलेल्या माणसालाही एका वाचनात कळेल?

रानजाई
जाणूनबुजून. दोनशे लोकांना विचारलंत तर एकशेनव्वद हेच सांगतील.

कलमदान
सांगतील, पण त्यात एक अडचण आहे. 'जाणूनबुजून' मराठीत फक्त वाईट कामाला लागतं. 'त्याने जाणूनबुजून मदत केली' असं कोणी म्हणत नाही. शब्द कानावर पडला की आरोप झालाच. इंग्रजी नोइंगली तसा नाही. त्यात निंदा नाही, फक्त माहीत असण्याची नोंद आहे. 'ही जोखीम आहे हे नोइंगली स्वीकारलं' असं शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात येऊ शकतं. तिथे जाणूनबुजून घातलं तर रुग्णावरच गुन्हा लावल्यासारखं वाचलं जातं.

दुसरं म्हणजे 'जाणूनबुजून'मध्ये माहीत असणं आणि मुद्दाम करणं ही दोन्ही एकत्र कालवलेली आहेत. कायद्याला नेमकी तीच दोन वेगळी हवी असतात. सविस्तर रात्री लिहितो.

मोडीवाचक
तोवर थोडं 'बुजून'बद्दल. आजच्या मराठीत घोडा बुजतो, विहीर बुजते, आणि या दोन्हीचा जाणण्याशी संबंध नाही. 'जाणूनबुजून'मधलं 'बुज' हे संस्कृत 'बुध्यते', प्राकृत 'बुज्झइ' या वाटेने आलेलं आहे. हिंदीतलं 'बूझना' आणि 'जान-बूझकर' तिथलंच. मराठीत 'बुझावणे', म्हणजे समजूत घालणे, हे त्याच घराण्यातलं. म्हणजे जाणून आणि बुजून या शब्दांचा मुळातला अर्थ 'कळून आणि समजून' एवढाच. दोष देण्याची छटा वापराने चढली.

म्हणून माझं मत 'बुद्ध्या'ला. संस्कृत तृतीयेचं रूप, 'बुद्धीने' म्हणजे समजून. जुन्या मराठी गद्यात भरपूर सापडतं. छोटं आहे, नेमकं आहे.

रानजाई
मोडीवाचक, आदर आहे, पण 'मी बुद्ध्या खोटी माहिती दिलेली नाही' हे वाचून अर्ध्या लोकांना ती छपाईची चूक वाटेल. सातवीची अट विसरलात.

विभक्ती
बुद्ध्या मलाही आवडतो, पण अर्जात नको.

आपण सगळे एक शब्द शोधतोय, आणि गाठ तिथेच आहे असं मला वाटतं. मराठीत ज्ञानाची क्रियापदं दोन तऱ्हेची आहेत. 'मी जाणतो' यात मी कर्ता आहे. 'मला कळलं', 'मला माहीत आहे', 'मला ठाऊक होतं' यात मी चतुर्थीत आहे. गोष्ट माझ्याकडे येते, मी ती करत नाही. रोजच्या बोलण्यात आपण जवळजवळ सगळीकडे दुसरी तऱ्हा वापरतो. 'मी जाणलं' हे आता कवितेत किंवा भाषणातच ऐकू येतं. इंग्रजीत 'नो' या धातूचा कर्ता कायम प्रथमेत असतो, म्हणून त्यापासून सहज क्रियाविशेषण होतं. आपल्याकडे 'माहीत असणे'पासून एका शब्दाचं क्रियाविशेषण होत नाही. त्याचं उपवाक्य होतं: 'माहीत असताना', 'माहीत असूनही', 'ठाऊक असून'.

मला हे उणेपण वाटत नाही. उपवाक्य केलं की 'काय माहीत असताना?' याचं उत्तर लिहावंच लागतं. 'त्याने जाणूनबुजून चोरीचा मोबाइल घेतला' हे वाक्य घ्या. मोबाइल घेतोय हे त्याला माहीत होतं, की तो चोरीचा आहे हे माहीत होतं? वाक्य दोन्हीकडे झुकतं. 'चोरीचा आहे हे माहीत असूनही त्याने मोबाइल घेतला' असं लिहिलं की प्रश्न उरत नाही.

'असताना' आणि 'असूनही' यांत फरक करा. 'असताना' फक्त एकाच वेळी दोन गोष्टी होत्या एवढं सांगतं. 'असूनही'मध्ये 'तरी केलंच' असा ठपका आहे. घोषणापत्रात 'असताना', आरोपपत्रात किंवा बातमीत 'असूनही'. आणि लेखन: माहीत, माहिती. 'माहित' हे प्रमाणलेखनात चूक.

टाकदऊत
विभक्ती, हे फार उपयोगी आहे. म्हणजे नोइंगलीचं भाषांतर न करता ते उलगडायचं.

सातासमुद्रापार
विभक्तींनी मांडलेला हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. फ्लोरेस-फिगेरोआ खटला, निकाल मे २००९. ओळखचोरीच्या त्यांच्या कायद्यात वाक्य असं: जो नोइंगली, कायदेशीर अधिकार नसताना, दुसऱ्या व्यक्तीची ओळख बाळगतो, वापरतो किंवा हस्तांतरित करतो, त्याला मूळ शिक्षेवर आणखी २ वर्षं. आरोपीने नोकरीसाठी बनावट सोशल सिक्युरिटी कार्ड (सरकारी ओळखक्रमांकाचं) दिलं होतं. नाव स्वतःचं खरं, पण त्यावरचा क्रमांक निघाला दुसऱ्या कुणाचा. क्रमांक बनावट आहे हे त्याला माहीत होतं. तो खरोखर कुणाचा तरी आहे हे माहीत असल्याचा पुरावा नव्हता. सरकारचं म्हणणं, नोइंगली फक्त 'वापरतो'ला लागतं. न्यायालयाने एकमताने ठरवलं की तो शब्द 'दुसऱ्या व्यक्तीची' इथपर्यंत पोचतो, म्हणून तेही माहीत असायला हवं. निकालपत्रात साधं इंग्रजी बोलणं दाखल्याला घेतलं आहे: अमक्याने नोइंगली भावाच्या खात्यात पैसे वळवले असं बँकेचा अधिकारी म्हणाला, तर खातं भावाचं आहे हे त्याला ठाऊक होतं असंच आपण समजतो.

मराठीत हा कायदा 'दुसऱ्याचा क्रमांक आहे हे माहीत असताना' असा लिहिला असता, तर खटला उभाच राहिला नसता.

कोकणकडा
थोडं विषयांतर. नोइंगलीचा आणखी एक अर्थ आहे, त्याकडे कोणी वळलं नाही. 'शी स्माइल्ड नोइंगली'. इथे तिला काहीतरी गुपित ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचं ती हसण्यातून समोरच्याला दाखवते आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात याचं 'ती जाणूनबुजून हसली' होतं. ते वाचून मराठी वाचकाला वाटतं, ती कुणाला तरी खिजवायला हसली. 'सूचक हसली', 'अर्थपूर्ण हसली' चालेल. मला 'ओळखून हसली' सगळ्यात जवळचं वाटतं. 'गालातल्या गालात हसली' मात्र नाही, ते हसणं लपवलेलं असतं. इथे ते समोरच्याला दिसावं म्हणूनच आहे.

रानजाई
'ओळखून हसली' सुंदर आहे. घेतलं.

कलमदान
सकाळी म्हटलं होतं, आता लिहितो.

फौजदारी कायद्यात मनाच्या अवस्थांच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या १९६२ च्या आदर्श दंडसंहितेत त्या चार आहेत: परपजली, नोइंगली, रेकलेसली, नेग्लिजंटली. मराठीत अनुक्रमे हेतूने, माहीत असताना, बेपर्वाईने, हयगयीने. पहिल्या दोनमधला फरक समजायला पाठ्यपुस्तकातला दाखला असा: मालाच्या विम्यासाठी एकजण विमानात स्फोटक ठेवतो. प्रवासी मरावेत हा त्याचा हेतू नाही, त्याला विम्याचे पैसे हवेत. पण ते मरणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हेतू नाही, जाणीव आहे. ही दुसरी पायरी. इथे 'मुद्दाम मारलं' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक, आणि 'नकळत मेले' म्हणणं तर धडधडीत खोटं.

आपल्या कायद्यातही हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. मराठी अनुवादात इंटेन्शनला 'उद्देश' आणि नॉलेजला 'जाणीव'. सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं, भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०४ दोन भागांत होतं. उद्देश असेल तर भाग एक: जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत. उद्देश नाही, पण मृत्यू घडण्याचा संभव आहे या जाणिवेने कृत्य केलं असेल तर भाग दोन: १० वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १०५ आहे. पहिल्या भागात आता किमान ५ वर्षं आली, दुसऱ्यात तुरुंगवासाबरोबर दंडही आला. एका क्रियाविशेषणाच्या फरकावर जन्मठेप टळते किंवा होते, म्हणून या शब्दांत घोळ नको.

मुंबईतलं उदाहरण: नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड. फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जण मेले. सत्र न्यायालयाने ते हयगयीने झालेले मृत्यू धरून ६ महिने दिले. उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावून ३ वर्षं सक्तमजुरी दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन भरधाव गाडी चालवणाऱ्याला, फूटपाथवर माणसं झोपतात हे ठाऊक असताना, परिणामाची जाणीव होती असं धरलं गेलं. जाणीव कोणाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. ती परिस्थितीवरून काढतात.

टाकदऊत
मग 'व्हॉलंटरिली' कुठे बसतं? अर्जांत 'नोइंगली अँड व्हॉलंटरिली' अशी जोडी असते.

कलमदान
त्याची गंमत म्हणजे कायद्यातली व्याख्या बोलीतल्या अर्थापेक्षा रुंद आहे. दंड संहितेचं जुनं कलम ३९: जो परिणाम घडवायचा उद्देश होता तो, किंवा घडण्याचा संभव आहे हे माहीत होतं तो, किंवा तसं मानण्यास कारण होतं तोही 'इच्छापूर्वक' घडवलेला. त्याखालच्या दाखल्यात चोरट्याने दरोडा सोपा व्हावा म्हणून रात्री मोठ्या गावातल्या राहत्या घराला आग लावली, माणूस मेला. त्याला कदाचित वाईटही वाटलं असेल, पण मृत्यू इच्छापूर्वक घडवला असंच धरायचं. तेव्हा कायद्यातला 'इच्छापूर्वक' म्हणजे इच्छा होती असं नाही. अनुवादकाने हा शब्द पाहिला की आधी व्याख्येचं कलम उघडावं.

करारातली आणि अर्जातली जोडी वेगळी. तिथे व्हॉलंटरिली म्हणजे साधं 'स्वखुशीने'.

मोडीवाचक
त्या जोडीला मराठीत शोधत बसायची गरजच नाही. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जातं: 'राजीखुशीने, समजून उमजून, अक्कलहुशारीने लिहून दिले असे'. राजीखुशीने म्हणजे दबावाशिवाय. समजून उमजून म्हणजे मजकूर कळून. अक्कलहुशारीने म्हणजे शुद्धीत, बुद्धी स्थिर असताना. इंग्रजीला दोन शब्द लागतात तिथे आपण तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या सांगतो. दस्त लिहिणाऱ्यांनी हे एखाद्या कोशातून घेतलेलं नाही, खटले लढवून शिकलेलं आहे.

सातासमुद्रापार
मोडीवाचक, हे डोक्यात चमकलं नव्हतं. अमेरिकेत मिरांडा निकालापासून (१९६६) आरोपीने गप्प राहण्याचा हक्क सोडताना तो 'व्हॉलंटरिली, नोइंगली अँड इंटेलिजंटली' सोडला पाहिजे असं सूत्र आहे. तिथे दुभाष्याला मराठीत सांगायचं असेल तर तीन शब्दांना तीन शब्द तयार आहेत! फक्त 'इंटेलिजंटली'चं 'हुशारीने' करू नये, नाहीतर चलाखीने असा अर्थ लागेल. 'अक्कलहुशारीने' हे अख्खं घ्यावं, किंवा 'परिणाम समजून'.

अमेरिकेतल्या मराठी माणसांना याच कुटुंबातला आणखी एक शब्द हमखास भेटतो: 'विलफुल'. भारतातल्या बँकखात्यांची वर्षातली एकत्रित शिल्लक कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर तिथल्या करदात्याला एफबार नावाचं विवरण भरावं लागतं. राहून गेलं असेल आणि सुधारणा योजनेतून जायचं असेल, तर चूक 'नॉन-विलफुल' होती असं प्रमाणित करावं लागतं. त्याची व्याख्या अशी: हयगय, अनवधान, चूक, किंवा कायद्याबद्दलचा प्रामाणिक गैरसमज. घरच्या मोठ्यांना फोनवर समजावताना 'मुद्दाम केलं नाही असं लिहून द्यायचं' एवढंच सांगितलं जातं, आणि ते अपुरं आहे. मुद्दाम केलं नाही याची कारणमीमांसा लिहायची असते: खातं कधी उघडलं, का उघडलं, पैसे कुठून आले, विवरणाबद्दल कधी कळलं, कळल्यावर काय केलं. नियम माहीत असूनही टाळलं असेल तर त्या योजनेत जायचंच नाही. आधी वकील गाठायचा.

रानजाई
पाहुणा 'नको, नको' म्हणत तिसरी पुरणपोळी घेतो, तो कुठल्या पायरीवर?

कलमदान
पोट बिघडवण्याचा उद्देश नाही, पण बिघडण्याचा संभव आहे या जाणिवेने. भाग दोन. :)

विभक्ती
आणि वाढणारी 'आग्रहपूर्वक' वाढते, त्याला मात्र कलम नाही.

'जाणिवेने' आला म्हणून सांगते: जाणीव, पण जाणिवेने, जाणिवा. उपान्त्य दीर्घ अक्षर सामान्यरूपात ऱ्हस्व होतं. 'जाणीवपूर्वक'मध्ये सामान्यरूप नाही, म्हणून दीर्घच. तसंच हेतू दीर्घ, पण हेतुपुरस्सर, हेतुपूर्वक ऱ्हस्व. आणि 'पुरस्सर'मध्ये दोन स. अर्जांत 'हेतूपुरस्कर' छापलेलं दिसतं, तो शब्दच नाही.

कोकणकडा
'जाणीवपूर्वक'चं काय? अजून त्यावर कोणी बोललं नाही, आणि वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त तोच.

विभक्ती
तो 'कॉन्शसली'च्या जवळ गेला आहे. 'जाणीवपूर्वक प्रयत्न', 'जाणीवपूर्वक कमी साखर' यात लक्ष ठेवून, सवयीच्या विरुद्ध जाऊन, असा अर्थ आहे. 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' म्हटलं की तोच शब्द डेलिबरेटलीकडे झुकतो. एकच शब्द इतका पसरला की करारात तो धोक्याचा.

थोडक्यात माझी वाटणी. कॉन्शसली: लक्ष देऊन, जाणीवपूर्वक. डेलिबरेटली: आधी विचार करून, ठरवून. 'ठरवून' हा साधा मराठी शब्द आपण विसरतो, 'त्याने ठरवून उशीर केला'. इंटेन्शनली: हेतूने, मुद्दाम. ॲडव्हायझेडली: विचारपूर्वक, पण हा बहुतेक बोललेल्या शब्दाबद्दल येतो, 'मी हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे'. परपजली म्हणजे मुद्दाम, परपजफुली म्हणजे निर्धाराने. या दोघांत फार जण फसतात. अनकॉन्शसली म्हणजे 'बेशुद्धपणे' नव्हे, 'अभावितपणे' किंवा 'नकळत'.

'मुद्दाम'ला मात्र बिचाऱ्याला उगाच बदनाम करू नका. 'मुद्दाम तुझ्यासाठी आणलं' यात माया आहे. तो हेतू सांगतो, चांगला असो की वाईट. जाणूनबुजूनसारखा तो एकाच बाजूचा नाही.

रानजाई
आमच्याकडे 'मुद्दामहून', 'मुद्दामून'सुद्धा. आणि उलट बाजू? नकळत, अजाणता, चुकून, अनवधानाने?

विभक्ती
यांत चूक नेमकी कुठे झाली ते बघायचं.

चुकून: काय करायचं ते माहीत होतं, हात दुसरीकडे गेला. दहाऐवजी शंभर टंकलं गेलं.
अनवधानाने: लक्ष नव्हतं, एक रकाना राहिला.
नकळत: आपण काय करतोय हे त्या क्षणी कळलं नाही.
अजाणतेपणी: कळण्याइतकी समज किंवा माहितीच नव्हती. यात वयाचा किंवा अनुभवाचा वास येतो, कारण 'जाणता' म्हणजे समंजस, मोठा. पन्नाशीच्या ठेकेदाराने 'अजाणतेपणी' करार मोडला असं लिहिलं तर वाचकाला ते पटत नाही.

'नकळत'चा एक सापळा. 'मुलाने नकळत पैसे घेतले' यात मुलाला कळलं नाही. 'आईच्या नकळत मुलाने पैसे घेतले' यात आईला कळलं नाही, मुलाला पुरेपूर माहीत आहे. षष्ठी आली की अजाण माणूस बदलतो. बँकेच्या तक्रारअर्जात 'नकळत खात्यातून रक्कम काढली गेली' असं लिहू नये. 'माझ्या नकळत' लिहावं, नाहीतर रक्कम तुम्हीच बेसावधपणे काढली असंही वाचता येतं.

मोडीवाचक
'कळत-नकळत' ही जोडीही लक्षात घ्या. क्षमा मागताना दोन्ही एकदम सांगायची पद्धत फार जुनी. संकल्पात 'ज्ञाताज्ञात' दोष येतात, पर्युषणाच्या क्षमापत्रांत 'जाणते-अजाणतेपणी' असतं. धर्मशास्त्रातही 'कामतः' आणि 'अकामतः' असा भेद आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात न इच्छिता घडलेल्या पापाला हलकं आणि इच्छेने केलेल्याला वेगळं प्रायश्चित्त सांगितलं आहे. पण तिथे भेद इच्छेवर आहे, माहितीवर नाही. म्हणजे तो इंटेन्शनलीच्या रांगेत, नोइंगलीच्या नाही. संकल्पातला 'ज्ञात' मात्र नोइंगलीच्या रांगेत.

टाकदऊत
एक शंका. माणसाने माहीत करून घ्यायचंच टाळलं तर? विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारलं नाही. तो 'माहीत नव्हतं' म्हणून सुटतो का?

कलमदान
कायद्याने ही पळवाट आधीच बुजवली आहे. मोडीवाचक, इथे बुजवणे योग्य अर्थाने. :)

चोरीचा माल घेण्याचं कलम (जुनं ४११, आता न्याय संहितेचं ३१७(२), ३ वर्षांपर्यंत) म्हणतं: चोरीचा आहे हे माहीत असताना, *किंवा तसं मानण्यास कारण असताना*. हे दुसरं अर्धं वाक्य अशांसाठीच आहे. चाळीस हजारांचा फोन सहा हजारांत, बिल नाही, खोकं नाही, चार्जर नाही, विकणारा घाईत आणि रोखच मागतोय, एवढं समोर असताना 'मला काय माहीत' चालत नाही. कलमाच्या भाषांतरात 'जाणूनबुजून' एवढंच लिहून हा दुसरा भाग गाळणं ही सर्रास होणारी चूक. त्याने कायद्याचा अर्थच अरुंद होतो.

इंग्रजीत याला 'विलफुल ब्लाइंडनेस' म्हणतात. मराठीत काणाडोळा, डोळेझाक. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण नेमकी याच तत्त्वाची.

उलट टोकाला, कायद्यात नोइंगली हा शब्दच नसेल तर? महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज, सर्वोच्च न्यायालय, १९६४. झुरिचहून मनिलाला निघालेला प्रवासी, अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोनं, २८ नोव्हेंबर १९६२ ला विमान सांताक्रूझला थांबलं. विमानातल्या मालाच्या यादीत नोंद नसेल तर असं सोनं पुढे नेता येणार नाही, ही नवी अट राजपत्रात छापली गेली होती २४ नोव्हेंबरला. त्याला ती ठाऊक नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की परकीय चलनाच्या त्या कायद्यात जाणिवेची अट नाही, ती आपण घालायची नाही. दोषी. म्हणून भाषांतरात नोइंगली 'एवढं काय' म्हणून गाळूही नका, आणि मुळात नसेल तिथे 'जाणूनबुजून' शोभेसाठी घालूही नका.

कोकणकडा
'विलफुल डिफॉल्टर'चं 'हेतुपुरस्सर कर्जबुडवा' बरोबर की चूक?

कलमदान
चालतं, पण रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येचा गाभा आहे 'ऐपत असूनही न फेडणारा', शिवाय कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवणारा. थकबाकी २५ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर लागू. विभक्तींचं 'असूनही' इथेही चपखल बसतं: 'ऐपत असूनही कर्ज बुडवणारा'. दोन शब्द जास्त, पण शेतीचं कर्ज पावसाअभावी थकलेला माणूस त्यात कधीच बसणार नाही हे ऐकताक्षणी कळतं.

टाकदऊत
आता मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं धरून हा मसुदा:

'या अर्जातील कोणतीही माहिती खोटी आहे हे मला माहीत असताना मी ती दिलेली नाही. सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.'

विभक्ती
पहिल्या वाक्यात 'खोटी', 'नाही' आणि मध्ये उपवाक्य. सातवीचा वाचक अडखळेल. होकारार्थी आधी आणा. आणि 'सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे' यात दोनदा माहिती आहे, दोन वेगळ्या अर्थांनी.

कलमदान
तोच मुद्दा मोठा आहे. मराठी 'माहिती'त नॉलेज आणि इन्फर्मेशन दोन्ही मावतात, कायद्यात ते वेगळे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १५ प्रमाणे कैफियतीच्या (न्यायालयात दिलेल्या लेखी म्हणण्याच्या) सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या घोषणेत, परिच्छेदवार सांगावं लागतं की कोणता मजकूर स्वतःला ठाऊक असलेला आहे आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला व खरा वाटणारा. नुसतं 'माझ्या माहितीप्रमाणे' लिहिलं की दोन्ही एकत्र होतात. 'मला स्वतःला ठाऊक आहे' आणि 'मला मिळालेली माहिती, जी मी खरी समजतो' असं फोडा.

खोट्या पुराव्याच्या कलमात (जुनं १९१, आता २२७) तीन पायऱ्या आहेत: खोटं आहे हे माहीत असणं, खोटं वाटणं, आणि खरं आहे असं न वाटणं. तिसरी पायरी लोक विसरतात. खात्री नसताना ठोकून देणं हेही त्यात येतं. तुमच्या मसुद्यात ती झाकली जायला हवी.

टाकदऊत
दुसरा प्रयत्न:

'या अर्जातील जी माहिती मला स्वतःला ठाऊक आहे, ती खरी आहे. जी माहिती मला दुसऱ्याकडून मिळाली, ती मी खरी समजतो आणि ती कोणाकडून मिळाली हे लिहिले आहे. खोटी आहे हे मला माहीत असलेली, किंवा खरी असल्याची मला खात्री नसलेली, कोणतीही माहिती मी खरी म्हणून दिलेली नाही.'

मोडीवाचक
'खात्री' जास्त कडक होतेय. दुसऱ्याकडून मिळालेल्या माहितीची खात्री कुणाला असते? आजोबांची जन्मतारीख कोण खात्रीने सांगेल? 'खरी वाटत नसलेली' करा.

कलमदान
बरोबर. कलमाची भाषाही तीच आहे.

विभक्ती
शेवटचं वाक्य मग असं: 'खोटी आहे हे माहीत असताना, किंवा खरी वाटत नसताना, कोणतीही माहिती मी खरी म्हणून दिलेली नाही.' दोन 'असताना-नसताना' आले की कानालाही बरं लागतं, आणि 'मला' एकदा कमी होतो.

रानजाई
आणि 'कोणाकडून मिळाली हे लिहिले आहे' म्हणताय तर ते लिहायला जागा कुठे आहे? रकाना नसेल तर सही करणारा दुसऱ्याच वाक्याला खोटा पडतो.

टाकदऊत
खरंय. जन्मतारीख, मूळ गाव आणि वडिलांचं उत्पन्न या तीन रकान्यांपुढे 'स्वतःला ठाऊक / कोणाकडून कळले' अशी जागा घालतो. बाकी रकान्यांना दाखले जोडलेलेच असतात.